समुद्रसपाटीचा आकडा

मॅन्युअल छापलं कुठल्याशा बंदरात,
तिथल्या हवेला अंग आहे.
इथे एल आल्तोत, तेरा हजार फुटांवर,
विमानातून उतरलेले पाहुणे
चार पायऱ्यांत धापा टाकतात,
आणि किनाऱ्यावरून आलेल्या गाड्याही.

म्हणून वडिलांनी पानोपानी
छापील आकड्याशेजारी पेन्सिलीने
दुसरा लिहून ठेवलाय.
एकशे पंचाहत्तर, त्याच्याजवळ एकशे सहा.
खोडलं मात्र काहीच नाही.
समुद्राचा मान राखावा, म्हणायचे,
आपल्याकडे नसला तरी.

सकाळी सेवेरो तिकोना मिनीबस घेऊन आला.
काचेवर तीन संत, आरशाला टांगलेला बाळबूट.
मागोमाग विकत घेणारी, निएवेस चोके,
घेरदार झग्याच्या अस्तरात शिवलेले पैसे
चालताना एका बाजूला ओढत होते.

इंजिन गरमच होतं. चारही प्लग काढले,
इंधन तोडलं, ठिणगी तोडली.
सेवेरोला म्हटलं, पाय पूर्ण दाब, किल्ली फिरव,
मी थांब म्हणेपर्यंत सोडू नकोस.
खर्र-खप्प, खर्र-खप्प,
काटा एकेक पायरी चढतो,
पाठीवर ओझं घेतलेली बाई चढण चढते तसा,
थांबत, पण मागे न सरकता.

पहिला एकशे सहा.
दुसरा एकशे चार.
तिसरा
एकशे साठ.
चौथा पुन्हा एकशे पाच.

निएवेस हसली. मोठा आकडा कुणाला नको असतो?
सेवेरो इयिमानीकडे बघत राहिला,
डोंगर जणू आजच उगवलाय.

मी प्लग उन्हात धरला.
आट्यांवर तेल, ताजं, मधाच्या रंगाचं,
एकदाही न जळलेलं.
झिजलेल्या रिंगा शोधायला आम्हीच
चमचाभर तेल ओततो आत.
आकडा चढला तर रिंगा,
जागचा हलला नाही तर वाल्व.
पण ते दुसऱ्या खेपेला, सगळ्यांदेखत.
इथे पहिल्या खेपेच्याही आधी
कुणीतरी ओतून मोकळं झालं होतं,
आणि एक नाही, चांगले तीन चमचे.

इतका चांगला आकडा इथे खरा नसतो.
चौघा भावांनी एकच पातळ हवा प्यायची
आणि एकानेच पैलवान व्हायचं?

परत फिरव, म्हटलं. गेज लावलं नाही.
उघड्या भोकातून तेलाचा फवारा उडाला
तो सेवेरोच्याच सदऱ्यावर.
पांढरा सदरा घालून गॅरेजात येतं का कुणी?
सौदा होणार म्हणून इस्त्री केलेला.

मग गेज. सत्तर.
पुन्हा. अठ्ठावन्न.
पुन्हा. अठ्ठावन्न.

लबाड म्हणणं माझं काम नाही, मी काटा वाचते.
तो वाचून दाखवला आणि हात पुसले.
बराच वेळ कुणीच बोललं नाही,
पलीकडे कुणीतरी पत्रा ठोकत होतं.
मग सेवेरो म्हणाला, मला नाही, गाडीला म्हणाला,
तिसऱ्याला दम आधीपासूनच कमी.
चढावर मी सांभाळून घ्यायचो त्याला.
अकरा वर्षं.

निएवेसने अस्तराचा टाका दातांनी तोडला,
पैसे मोजले, अर्धे परत आत ढकलले.
रिंगांना किती लागतील?
मला विचारलं, त्याला नाही.
मी सांगितलं. तिने आणखी एक नोट आत ढकलली.
उरलेले त्याने मोजले नाहीत,
बाळबूट तेवढा सोडवून खिशात घातला.

ते गेल्यावर गेजचं बटण दाबलं,
एक सुस्कारा, आणि काटा शून्यावर.
इथलं शून्यही इथल्याच हवेचं,
बंदरातलं वेगळं असणार.

मॅन्युअल उघडलं. तेलाच्या बोटांनी
पान पारदर्शक झालंय, मागचं चित्र पुढे दिसतं.
वडिलांच्या एकशे सहाखाली
पेन्सिलीने मी एक ओळ घातली:
एकशे साठ आला,
तर आधी प्लगचा वास घे.